टाकीवर अनवाणी

आरोग्य उपकेंद्र, हिवरतळा
ता. पाटोदा, जि. बीड
२ एप्रिल १९८७

चि. भारत यास,
सप्रेम जयभीम आणि ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला जीपमध्ये आडवा घालून बीडला पाठवलं, त्याला आज नऊ दिवस झाले. जीपवाल्याने परत येताना एवढंच सांगितलं की प्लास्टर घातलं आणि पेशंटला गेवराईला घरी सोडलं. कोणतं हाड, किती दिवस, डॉक्टर काय म्हणाले, यातलं काही नाही. हॉर्न वाजवायचा म्हटला तर तू वाट मोकळी असली तरी दहादा वाजवशील, आणि पोस्टकार्ड लिहायचं म्हटलं की हात आखडतो. मनकर्णाला सांग, नवरा घरात सापडलाय तर त्याला पेन धरायला लाव.

तू टँकरवरून पडलास तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर लेकरांना डोस पाजत होते. आधी मापाचा गज दगडावर आपटल्याचा आवाज आला, मग बायांचा कालवा. पळत आले तर तू विहिरीच्या कठड्याला टेकून बसलेला, टाच टरारून सुजलेली, आणि मला बघून म्हणालास की घे, तुला फुकटचा पेशंट मिळाला. तुझ्या हसण्याचा मला राग आला होता. फळ्याच्या दोन पट्ट्या लावून पाय बांधला. शेजारी तुझे बूट जोडीने नीट मांडून ठेवलेले होते, देवळाबाहेर ठेवावेत तसे.

आता काम सांगते. दूध संघाला लेखी अर्ज दे. तारीख, वेळ, गाव, कशावर चढला होतास, कशासाठी चढला होतास, कसा पडलास, सगळं. ड्यूटीवर पडलेला माणूस आणि घरी पडलेला माणूस यांचं दुखणं एकच असतं, पण कागद वेगळा असतो. जे लिहिलं नाही ते घडलं नाही, हे मला नोकरीच्या चौदा वर्षांनी शिकवलंय.

इकडे पाण्याचं तेच. तुझ्या पाळीचा टँकरही आता बंकटच आणतो. तुझे दाजी शनिवारी माजलगावहून येतात आणि रविवारी आंघोळ न करता परत जातात, म्हणजे बघ. मायला आणि दादांना नमस्कार. उन्हाळ्यात विहिरी आटतात, तुझा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
सत्यभामाताई

—

गेवराई
१० एप्रिल १९८७

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

हे बघ, पेन धरलं. मनकर्णा समोर राखणीला बसली आहे.

डाव्या टाचेचं हाड मोडलंय. नुसती चीर नाही, डॉक्टर म्हणाले चुरा झालाय. अडीच-तीन महिने पाय टेकायचा नाही. पुढे चालता येईल, पण डाव्या पायावर जोर देता येईल का ते आता सांगता येत नाही म्हणाले. डावा पाय म्हणजे क्लच, ताई. बारा वर्षं ज्या पायाने भाकरी मिळवली तोच नेमका गेला. उजवा मोडला असता तरी तेच झालं असतं म्हणा, ब्रेक तरी कुठे हाताने मारतात.

तू अर्ज लिही म्हणालीस, पण माझ्या आधी संघाचाच कागद घरी आला. आमचे गाड्यांचे सुपरवायझर मोहनराव स्वतः आले, चहा घेतला, मायची विचारपूस केली आणि टाइप केलेला कागद काढला. 'संघाने दिलेले बूट न घालता, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडलो.' खाली सही करायची. सही केली तर बरा झाल्यावर कुठेतरी सावलीतलं काम देतो म्हणाले, तोंडी. नाही केली तर चौकशी लागेल, गावकऱ्यांचे जबाब होतील, आणि ज्या गावात ड्रायव्हरला अनवाणी चढवतात त्या गावाला संघ गाडी देणार नाही. यातलं शेवटचं त्यांनी फार मऊ आवाजात सांगितलं.

आता तुला माझ्या गाडीची गंमत सांगतो, कारण ती तुला ठाऊक नाही. ती दुधाची गाडी. जनावरं छावणीत, दूध आटलं, म्हणून संघाने रिकाम्या गाड्या पाण्यासाठी कलेक्टरला दिल्या. दुधाच्या टाकीवर रस्त्यात कुणी चढत नाही. डेअरीत उंच ओटा असतो, त्यावरून झाकण उघडायचं. म्हणून टाकीला मागे अर्धीच शिडी, त्याच्या वर गोल गुळगुळीत स्टील, धरायला काही नाही. पालथ्या घागरीवर उभं राहून बघ म्हणजे कळेल. पण टँकर अर्धे भरून येतात अशी तक्रार झाली आणि हुकूम निघाला की प्रत्येक गावात लोकांसमोर गज बुडवून माप दाखवायचं, मग ग्रामसेवकाची सही. दिवसाला सात गावं, सात वेळा चढायचं.

आणि हिवरतळ्याला वच्छलाबाई. म्हातारी रोज घागर घेऊन पहिल्या नंबरला उभी. पहिल्याच दिवशी म्हणाली, पायताण काढून चढ, लोकं पितात ते पाणी. मी काढले. दुपारी बाराला ते स्टील तव्यासारखं तापतं. पाय एका जागी ठरत नाही, उचलत-ठेवत राहावं लागतं. त्या दिवशी उचललेला पाय ठेवायला जागाच सापडली नाही.

घरात खरी लढाई दादांची आहे. ते म्हणतात, बूट पायात होते असंच लिही. माझ्या, या सुंदररावाच्या पोरानं कुणाच्या सांगण्यावरून पायातलं काढलं, असं कोणत्याही कागदावर येणार नाही. मी सांगितलं की तसं काही नाही. आम्ही डेअरीतही चपला बाहेर काढूनच दुधाच्या खोलीत जातो. म्हातारी सगळ्यांनाच सांगते, बंकटलाही सांगत असेल. तर दादा म्हणाले, बंकटनं काढले असतील तर पाण्यासाठी, तुझे कशासाठी काढायला लावले ते तिला विचार. तेव्हापासून आमच्यात बोलणं कमी आहे.

मला वाटतं, सही करून टाकावी. माझ्या एका टाचेपायी अख्ख्या गावाचं पाणी बंद नको. दाजींना जयभीम. पत्रातला राग पत्रातच ठेव, माया मात्र आहे तशी राहू दे.

तुझा,
भारत

—

हिवरतळा
१९ एप्रिल १९८७

चि. भारत यास,
जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

सही करू नकोस. हे पत्र इथेच संपवलं तरी चालेल, पण तू कारण विचारशील.

चोर सोडून संन्याशाला फाशी, तसा तो कागद आहे. पडण्याचं कारण बूट नाहीत, टाकी आहे. अर्धी शिडी आणि वर धरायला काही नसताना दिवसातून सात वेळा माणूस चढवायचा, तो एक दिवस पडणारच. बूट घालून पडला असतास तर टाच वाचली असती, कदाचित डोकं गेलं असतं. मोहनरावांना हे कळत नाही असं नाही. म्हणून तर ते कागद आधी टाइप करून, मग आपल्या मायची विचारपूस करायला आले.

दादांचंही ऐकू नकोस. त्यांच्यासमोर हे पत्र वाचलंस तरी चालेल. ते पंधरा वर्षांचे असताना आपल्या जुन्या गावात वेशीपासून पुढे चपला हातात घेऊन चालत होते. सत्तावन्न साली गाव सोडून गेवराईच्या जिनिंगमध्ये हमालीला लागले, ते पुन्हा त्या रस्त्याने गेले नाहीत. त्यांच्या तोंडून हे आपण दोघांनी इतक्यांदा ऐकलंय की ते आपल्यालाच घडल्यासारखं वाटतं. म्हणून त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. पण त्यासाठी खोटं लिहायचं नाही. गावात साठ माणसांनी तुझे बूट कठड्याशी पाहिलेत. एक खोटं सापडलं की तुझं खरंही बुडेल.

खरं तेवढं लिही. माप दाखवण्यासाठी चढलो, टाकीला धरायला काही नव्हतं, पिण्याचं पाणी म्हणून गावकऱ्यांच्या सांगण्यावरून बूट काढले होते, पाय निसटला. बस्. वच्छलाबाईंचं नाव घालायची गरज नाही. त्या वाईट बाई नाहीत. त्यांची सून गीताबाई दिवसांत आहे, पहिली खेप, रक्त कमी. मी आठवड्यातून दोनदा जाते तर म्हातारी मला पाटावर बसवते, आणि घरात घोटभर असेल तरी गुळाचा चहा करते. तिचं पाण्याचं वेड सगळ्या गावाला माहीत आहे. पाण्याची घागर ती सुनेलाही उचलू देत नाही.

पाय उशीवर ठेवत जा. बोटं निळी पडली तर त्याच दिवशी बीड गाठ. मायला माझा नमस्कार. रागावले असले तरी तुझी,
ताई

—

हिवरतळा
६ मे १९८७

चि. भारत,
जयभीम.

अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. कागद मांडीवर घेऊन लिहितेय. इकडे सगळं ठीक. गीताबाईला मुलगी झाली, दोघी बऱ्या. तुझा अर्ज गेला का, ते कळव. कामाच्या गडबडीत आहे, थोडक्यात आटोपते. सर्वांना नमस्कार.

ताई

—

गेवराई
१४ मे १९८७

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जे लिहिलं नाही ते घडलं नाही म्हणे! मांडीवर कागद घेतला की अक्षर वाकडं येतं, पण डावीकडे झुकत नाही. ते डाव्या हाताचं अक्षर आहे हे मनकर्णाने ओळखलं, मी नाही. आणि काल बंकट भेटायला आला तेव्हा सगळंच बाहेर पडलं. वच्छलाबाईच्या घरात बाळंतिणीला बघायला गेलीस, ओल्या सारवणावर घसरून पडलीस, उजवं मनगट मोडलं. बंकटच्याच टँकरमधून पाटोद्याला गेलीस म्हणे, प्लास्टर घालायला. आणि रजेच्या अर्जावर काय लिहिलंस? 'राहत्या क्वार्टरमध्ये पाय घसरला.' दवाखान्यातल्या कंपाउंडरने बंकटला सांगितलं. शाबास. मला खरं लिही म्हणून दोन पानं खरडतेस आणि स्वतः?

एवढं हसून झालं. आता जे लिहायला बसलो ते लिहितो. हे दादांना सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस.

बंकट चांगला माणूस आहे, पोटात काही ठेवत नाही. पाय बघितला, चुकचुकला आणि सहज विचारलं की तू बूट कावून काढले बे? मी म्हणालो, म्हातारी काढायला लावते ना. तर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, मला तर तिनं एक दिस बी न्हाई सांगितलं. पावसाळा संपल्यापासून तो एक आड एक दिवस त्याच गावाला जातो, बूट घालून तसल्याच टाकीवर चढतो, त्याच म्हातारीसमोर. ती खालून विचारते, बंकटराव, आज काठोकाठ हाय का. त्याला वाटलं होतं मी आपल्या सवयीने काढतो. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मान खाली घातली. मग आम्ही दोघे टायरच्या भावाबद्दल बोललो.

ताई, दादा बरोबर होते. मी रोज दादांना सांगत होतो की ती सगळ्यांनाच सांगते. मला एवढी खात्री होती. तीन महिने मी माझ्या पाळीला खाली वाकून नाड्या सोडल्या आणि त्यात मला पाण्याचा मान ठेवल्यासारखं वाटत होतं. आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

तू सांगितलेला अर्ज मी लिहून ठेवला होता. तो फाडला. 'गावकऱ्यांच्या सांगण्यावरून' हे शब्द आता माझ्या हाताने लिहिले जाणार नाहीत. त्यापेक्षा निष्काळजी म्हटलेलं बरं. निष्काळजी माणसाला निदान कुणी हसत नाही. मोहनराव या महिनाअखेर येणार आहेत. मी सही करणार.

हाताला जप. वजन उचलू नकोस. डाव्या हाताने का होईना, लिहीत राहा.

तुझा,
भारत

—

हिवरतळा
२४ मे १९८७

चि. भारत यास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले, आणि ते फक्त हातामुळे नाही.

आधी माझा गुन्हा कबूल करते. गीताबाईच्या पाचवीचा दिवस होता. मी सकाळी बाळाची नाळ बघून गेले. वजनाची झोळी तिथेच विसरली म्हणून तासाभराने परत आले. उंबऱ्यात चपला काढल्या, आत पाऊल टाकलं, आणि जमीन नुकतीच सारवलेली. उजव्या हातावर पडले. वच्छलाबाईंनी स्वतःच्या पदराने माझा हात बांधला. आणि मग हात जोडले की बाई, सारवायला टँकरचं पाणी वापरलं हे कुठं लिहू नका, गावाचं पाणी तोडतील. म्हणून मी क्वार्टर लिहिलं. तू गावासाठी सही करायला निघालास आणि मी गावासाठी खोटी रजा घेतली, तेव्हा बहीण-भाऊ एकाच माळेचे.

तुझं पत्र वाचल्यापासून मात्र माझ्या डोक्यात दुसरंच घुमतंय. ते सारवण पाचवीचं होतं, की मी घरात वावरून गेले म्हणून होतं? सकाळी मी आले तेव्हा जमीन कोरडी होती. आधी हा विचार मला शिवलासुद्धा नव्हता. पाटावर बसवते, चहा देते, तो कप मला नेहमी वेगळा वाटायचा, पण मी म्हणायचे पाहुण्यांचा असेल. आता प्रत्येक गोष्टीला मी दोन्ही बाजूंनी उलटून बघते. झोप लागत नाही म्हणण्याइतकी मी हळवी नाही, पण जेवण बेचव झालंय हे खरं.

पण सही करू नकोस. आता तर मुळीच नको. तुला लाज वाटते हे मला समजतं, मलाही वाटली. पण ती लाज आपली नाही, भारत. ज्याने पायातलं काढलं त्याने का लाजावं? ज्याने काढायला लावलं त्याने खाली बघावं. तू निष्काळजी म्हणून सही केलीस तर तिची लाज तू आपल्या नावावर लिहून घेशील, आणि पाय तर गेलाच आहे.

मी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. माझा रजेचा अर्ज बदलून खरा देणार आहे, गृहभेटीत पडले म्हणून. मेडिकल ऑफिसर ओरडतील, ओरडू देत. आणि तो देण्याआधी वच्छलाबाईंना तोंडावर विचारणार आहे, तुझंही आणि माझंही. मागून लिहिणार नाही. मोहनरावांना पंधरा दिवस थांबव. पायाला पुन्हा प्लास्टर चढवायचंय असं सांग. हे खोटं मी तुला माफ करते.

दादांना काही सांगू नकोस. जेवत जा. जीव लावून आहे,
ताई

—

हिवरतळा
१२ जून १९८७

चि. भारत यास,
जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

गेले. घडलं ते जसंच्या तसं लिहिते, मला वाटलं ते नंतर.

वच्छलाबाई ओसरीवर नातीला पायावर घेऊन तेल लावत होत्या. मी पाटावर बसले नाही, उभीच राहिले. म्हणाले, मी उद्या खरा अर्ज देणार आहे. त्या घाबरल्या, पाण्याचं म्हणाल्या. मी म्हणाले, पाणी किती वापरलं ते लिहीत नाही, जमीन ओली होती एवढंच लिहिते. मग विचारलं, ओली कशासाठी होती? त्यांना प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला, तेव्हा कळला. आतून गीताबाई आली. तिने सांगितलं की पाचवी पुजायच्या आधी सारवायचं म्हणून सासूबाई सकाळपासून नंबरला उभ्या होत्या. टँकर उशिरा आला, मी येऊन गेल्यावर पाणी मिळालं. लेकीवर हात ठेवून सांगितलं. माझा विश्वास बसला. खरं सांगायचं तर मी तो बसवला. सगळ्याच गोष्टींवरचा विश्वास उडवून घेऊन मला या गावात काम करता येणार नाही.

मग तुझं विचारलं. बंकट बूट घालून चढतो, माझ्या भावाला का काढायला लावले? भारत, त्यांनी ना हो म्हटलं, ना नाही. नातीला तेल लावणं थांबलं. गीताबाई सासूकडे बघत राहिली. बाळ रडायला लागलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की नर्सबाई, आता तुम्ही जा. मी आले. वाटलं, संपलं. आता हे घर मला बंद, आणि पोरीचे डोस राहतील.

तीन दिवसांनी ग्रामसेवक उपकेंद्रावर आला. वच्छलाबाई आपल्या पायाने चावडीवर गेल्या होत्या. चार माणसं बसलेली असताना त्यांनी जबाब लिहायला लावला आणि अंगठा दिला. त्याची नक्कल मी पाहिली. 'टँकरवाले भारत सुंदरराव यांना बूट मी दर वेळी काढायला लावत होते. त्यांची चूक नाही. टाकीवर धरायला काही नाही, हे मी रोज बघत होते.' कुणीतरी म्हणालं म्हणे, म्हातारे, कशाला अंगावर घेतेस. तर म्हणाल्या की अंगावरच हाय माझ्या. याहून जास्त त्या कुणाशी बोललेल्या नाहीत, माझ्याशीही नाही.

नक्कल सोबत आहे. अर्ज पुन्हा लिही, आणि हा कागद त्याला जोड. आता तुला ते शब्द लिहायचे नाहीत, तिनेच लिहिलेत.

मेडिकल ऑफिसर ओरडले. पण अर्ज घेतला. मनगट अजून पुरतं वळत नाही, इंजेक्शन डाव्याने देते, लेकरं जास्त रडतात. सगळ्यांना नमस्कार. उत्तराची वाट बघते.

ताई

—

गेवराई
२७ जून १९८७

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

अर्ज दिला. मोहनरावांनी जबाबाची नक्कल तीनदा वाचली आणि पहिल्यांदाच चहा नको म्हणाले. काल संघाच्या संचालकांची बैठक झाली. अपघात ड्यूटीवरचा मानला. गाडी मात्र मला पुन्हा नाही. डॉक्टरांनी कागदावर दिलंय की डावी टाच वळणार नाही. मला गेवराईच्या शीतकरण केंद्रावर दूध मोजून घ्यायला बसवणार आहेत, दूध सुरू होईल तेव्हा. संघाच्या सगळ्या टाक्यांना वरपर्यंत शिडी आणि आडवी नळी बसवायचा ठराव झाला. दोन गाड्यांना बसलीही. हिवरतळ्याचं पाणी चालू राहणार. ही बातमी चांगली आहे हे मला माहीत आहे, तरी काल संध्याकाळी अंगणात कुबडीवर उभा राहून हायवेवरच्या गाड्या बघत होतो. मनकर्णा शेजारी येऊन उभी राहिली.

दादांना मी शेवटी सगळं सांगितलं, बंकटचंही. मला वाटलं, म्हणतील की बघ, मी म्हणालो होतो. तसं काहीच म्हणाले नाहीत. जबाब वाचून दाखव म्हणाले. मग विचारलं, चावडीवर सांगितलं का घरात? चावडीवर, मी म्हणालो. चार माणसांसमोर? हो. म्हणाले, आमच्या वक्ताला असं कुणी सांगितलं न्हाई. आणि उठून बाहेर गेले. रात्री माझ्या ताटाशेजारी जेवायला बसले, अडीच महिन्यांनी.

तू नसतीस तर मी सही केली असती. हे एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. दाजींना जयभीम. डाव्या हाताच्या आशीर्वादानेही माझं भागतं, पण उजवा लवकर बरा कर.

तुझा,
भारत

—

हिवरतळा
९ जुलै १९८७

भारतराव सुंदरराव यांस,

वर रामराम लिवू का जयभीम, असं सूनबाईनं इचारलं. मी म्हनलं दोनी लिव. रामराम. जयभीम. मला लिवता येत न्हाई, मी सांगते ती लिवती. तिला सांगितलंय, मधी सुधारायचं न्हाई.

तुमचा पाय कसा हाय? नर्सबाई म्हनल्या काठी घेऊन चालता. गाडी गेली ते बी सांगितलं. त्या दिसापासून माजा घास गोड न्हाई. नर्सबाई पुन्यांदा घरी आल्या, पोरीला डोस पाजला. पाटावर बसा म्हनलं तर बसल्या. माजी नजर वर झाली न्हाई.

चावडीवर मी निम्मंच सांगितलं. चार बाप्ये बसले व्हते, पुढचं तोंडातनं निघालं न्हाई. ते ह्या कागदात सांगते. नर्सबाईनं मला इचारलं व्हतं की बंकटला कावून न्हाई सांगितलं. मी तवा बोलले न्हाई. मी घरी बसून लई इचार केला. मी काय देवाचं नाव घेऊन खोटं बोलनार न्हाई. बंकट चढला की मी टाकीकडं बघायचे, किती भरली ते. तुमी चढला की मी पायाकडं बघायचे. कुनी सांगितलं व्हतं का मला, असं बघ म्हनून? न्हाई. माजी सासू बघायची, मी बी बघत गेले. मला वाटायचं मी पान्याला जपते.

तुमी एक दिस बी उलटून बोलला न्हाई. बोलला असता तर मी भांडले असते, पर तुमचा पाय राहिला असता.

आता नवीन ड्रायव्हर येतो, उत्तरेश्वर. तुमच्याच समाजाचा हाय, मी इचारलं न्हाई, बायांनी सांगितलं. नव्या शिडीवरनं बूट घालून चढतो. पहिल्या दिवशी माज्या तोंडात आलं व्हतं. मी पदर तोंडात धरला. घागर भरून घरी आनली, पर मला पेववंना. दोन दिस सुनेच्या माहेरून आनलेलं पानी प्याले. पाऊस अजून न्हाई, तिसऱ्या दिशी उन्हाचा तडाखा, घशाला कोरड, सून म्हनली आत्याबाई, पोरगी बी हेच पानी पेनार हाय. मग प्याले.

पानी पान्यासारखंच लागलं. तांब्या घेऊन तशीच बसले. पावसाळा सरल्यापासून बंकटच्या बुटाखालचं पानी मी पेत व्हते, मला कवाच काय झालं न्हाई. तुमच्या बुटानं काय झालं असतं, सांगा.

वच्छलाबाईचा अंगठा